पोलो जीटीनंतर काय? व्हीआरएस, टीटी, झेड-फोर की मस्टँग: सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर

फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय काही वर्षं चालवली की माणूस बिघडतो. १.२ लिटरचं इंजिन, १०५ पीएस म्हणजे अश्वशक्ती, १७५ एनएम टॉर्क म्हणजे खेचायचा जोर. कागदावर विशेष काही नाही, पण खंबाटकीच्या चढाला ट्रकांच्या रांगेतून ती ज्या चपळाईने बाहेर पडते, ते एकदा अंगात भिनलं की साध्या गाडीत जीव रमत नाही. २०२२ मध्ये भारतात पोलो बनायची थांबली. जपलेल्या जीटीला अजून गिऱ्हाईक आहे, तेव्हा किंमत येतेय तोवर विकावी आणि एक पायरी वर चढावं, असं आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे. माझ्याही आहे. माझा मिरजेचा मावसभाऊ तर गेलं वर्षभर सकाळ-संध्याकाळ जाहिरातीच पाठवतोय.

हा आढावा त्याच्यासारख्यांसाठी. बजेट तीस-पस्तीस लाख, फारच मन ओढलं तर पंचेचाळीस. गाडी सेकंडहँड चालेल. घर साताऱ्यात, कराडला किंवा सांगली-मिरजेत. महिन्यातून एकदोनदा पुणे किंवा कोल्हापूर, आणि रविवारी पहाटे एखादा घाट. या चौकटीत चार नावं पुन्हा पुन्हा येतात: स्कोडा ऑक्टेव्हिया व्हीआरएस, ऑडी टीटी, बीएमडब्ल्यू झेड-फोर आणि फोर्ड मस्टँग. मस्टँग चौघींत महाग आणि पंचेचाळीसच्याही काठावरची, पण तिचं नाव न घेता ही चर्चा आजवर कुणी संपवलेली नाही.

बाकीच्यांना पटकन बाजूला करतो. बीएमडब्ल्यू एम-३४० आय २०२१ मध्ये ६२.९० लाखांना आली. ३८७ अश्वशक्ती, ५०० एनएम आणि ४.४ सेकंदांत शून्य ते शंभरचा वेग. ती परवडत असेल तर हा लेख इथेच बंद करा आणि तीच घ्या, मात्र आपल्या बजेटात ती बसत नाही. जुन्या पोर्शे बॉक्स्टर-केमन मुद्दाम घेतल्या नाहीत. त्या गाड्यांचा नाद मुंबईजवळ राहणाऱ्यांनी करावा. फोक्सवॅगनचीच व्हर्टस जीटी १५० पीएसची आहे, शहाणी आहे, वॉरंटीत मिळते, पण शहाणपणा हवा असता तर तुम्ही इथवर वाचत आला नसता. नव्या गाड्यांचं म्हणाल तर २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय सुमारे ५३ लाखांना आणि नवी ऑक्टेव्हिया आरएस ४९.९९ लाखांना आली. दोन्ही २६५ पीएसच्या, दोन्ही मोजक्याच. त्यांच्या किमती बघितल्यावर जुन्या व्हीआरएसचे मालक आणखी ताठ झाले, एवढाच त्यांचा आपल्याशी संबंध.

गाडीआधी रस्ता बघू, कारण पुण्या-मुंबईचे रिव्ह्यू इथेच आपल्या उपयोगाचे राहत नाहीत.

साताऱ्यातल्या माणसाला हायवेची कमी नाही. पण हायवेला लागायच्या आधी राजपथ, मोती चौक, पेठांमधले बोळ आणि प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी हौसेने घातलेला स्पीडब्रेकर आहे. यवतेश्वरचा घाट अरुंद. पावसाळ्यात डोंगराकडच्या बाजूला दगडमाती आलेली असते आणि समोरून कासला निघालेली ट्रॅव्हलर मधोमध. वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट त्या मानाने प्रशस्त, म्हणून तिथे गर्दी. खरी मजा मेढ्याहून महाबळेश्वरला जाणाऱ्या केळघर घाटात, पण तिथला डांबराचा भरवसा दर पावसाळ्यानंतर नव्याने तपासावा लागतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याखाली कुठला रस्ता टिकणार? आणि त्याच जिल्ह्यात पूर्वेला पुसेगाव, दहिवडी, म्हसवड म्हणजे कोरडा माणदेश, सरळ आणि मोकळे रस्ते.

सांगलीकडे घाट नाहीत, ऊस आहे. नोव्हेंबरपासून कारखाने सुरू झाले की रात्री दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मागे रिफ्लेक्टर असेल तर नशीब, आणि वळणावर सांडलेला ऊस. २५० चा टॉप स्पीड असलेल्या गाडीचे दिवे आणि ब्रेक इथे जास्त कामाला येतात.

हे सगळं डोक्यात ठेवून आता गाड्या.

व्हीआरएस आणि टीटी: सख्ख्या चुलत बहिणी

लोक या दोन गाड्या वेगवेगळ्या जगातल्या धरून चालतात. एक चार दरवाजांची फॅमिली गाडी, दुसरी दोन दरवाजांची ऑडी. प्रत्यक्षात दोघी एकाच घरातल्या. २०१७ ची व्हीआरएस २३० आणि २०१५ पासूनची तिसऱ्या पिढीची टीटी, दोन्ही फोक्सवॅगन ग्रुपच्या एमक्यूबी सांगाड्यावर. दोन्हींत दोन लिटरचं त्याच ईए८८८ घराण्यातलं टर्बो पेट्रोल इंजिन आणि दोन्हींची ताकद २३० पीएस. गिअरबॉक्स दोन्हींना सहा गिअरचा, ओल्या क्लचचा, म्हणजे क्लच तेलात बुडालेला. पोलो जीटीमधला सात गिअरचा डीएसजी, म्हणजे फोक्सवॅगनचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, कोरड्या क्लचचा होता. त्याच्या मेकॅट्रॉनिकने, म्हणजे गिअर बदलणाऱ्या युनिटने, ज्यांना रडवलंय त्यांनी ही ओळ दोनदा वाचावी. ओल्या क्लचचा गिअरबॉक्स दणकट आहे, अट एकच. दर साठ हजार किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदललेलं हवं आणि त्याचं बिल फाइलमध्ये हवं.

फरक पुढे सुरू होतो. व्हीआरएसची ताकद फक्त पुढच्या चाकांना, टॉर्क ३५० एनएम, शून्य ते शंभर ६.८ सेकंद. टीटीला क्वाट्रो म्हणजे चारही चाकांना ताकद, टॉर्क ३७० एनएम, अंगाने हलकी, आणि शंभर ५.३ सेकंदांत. दीड सेकंदाचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, बसल्यावर वाटत नाही. केळघर घाटात ओल्या रस्त्यावर वळणातून बाहेर पडताना व्हीआरएसला पाय जरा जास्त दाबला की पुढचं आतलं चाक फिरतं, स्टिअरिंग हातात वळवळतं आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लुकलुकतो. टीटी त्याच जागी नुसती निघून जाते. पावसाळी घाटासाठी या चौघींत टीटीइतकी निश्चिंत गाडी नाही, हे माझं पक्कं मत.

मग सगळ्यांनी टीटीच घ्यावी का? तर नाही, आणि कारण मागच्या सीटवर आहे. टीटीची मागची सीट आहे असं म्हणायचं, एवढंच. दहा वर्षांचं पोर कसंबसं मावेल, सासूबाई मावणार नाहीत. व्हीआरएसमध्ये पाच माणसं ऐसपैस आणि मागे ५९० लिटरची डिकी. लग्नाचा आहेर, गावाकडून निघताना चुलतीने कोंबलेलं तांदळाचं पोतं, सगळं आत जातं आणि शेजाऱ्याला कळतसुद्धा नाही की ही वेगळी गाडी आहे. आपल्याकडे ही मोठीच सोय. टीटी दारात उभी राहिली की गल्लीतली पोरं दोन दिवस फोटो काढतात आणि तिसऱ्या दिवसापासून मंडळाच्या वर्गणीचा आकडा वाढतो.

व्हीआरएसमध्ये दोन प्रकार आहेत हे लक्षात ठेवा. २०१७ ची २३०, तेव्हाची किंमत २४.६२ लाख. आणि २०२० ची २४५, भारतासाठी फक्त २०० गाड्या, पूर्ण तयार होऊन आयात झालेल्या, ३५.९९ लाखांच्या. २४५ ला ३७० एनएम, सात गिअरचा ओल्या क्लचचा डीएसजी आणि पुढच्या दोन चाकांत ताकद वाटून देणारं इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल. वर मी पुढचं चाक फिरण्याची जी तक्रार केली, ती २४५ मध्ये बरीच कमी होते. शंभर ६.६ सेकंदांत.

तरीही साताऱ्यातल्या माणसाने २३० आधी बघावी असं मी म्हणेन. २४५ ची चाकं १८ इंची आणि टायरची भिंत बुटकी. २३० ला १७ इंची चाकं, टायर थोडा गुबगुबीत. पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांत हा फरक रिमच्या कडेवर आणि तुमच्या मणक्यांवर लिहिला जातो. शिवाय २४५ चे मालक 'दोनशेतली एक' म्हणून जो भाव सांगतात, त्या पैशात बरी टीटी येते. गाडी दुर्मीळ आहे याचे पैसे विकताना मिळतीलही, पण चालवताना त्याचा उपयोग शून्य.

दुखणीही व्हीआरएस आणि टीटीची सामाईक. या इंजिनात थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपचं घर प्लास्टिकचं आहे आणि वर्षांनी तिथून कूलंट पाझरतं. बॉनेट उघडून टॉर्च मारा. इंजिनच्या अंगावर वाळलेला गुलाबी पापुद्रा दिसला की समजायचं, कूलंट गेलंय आणि कुणीतरी वरून ओतत गाडी चालवलीय. टाकीत पातळी बरोबर असण्याला अर्थ नाही. बघायला बोलावलंय म्हटल्यावर ती कुणीही बरोबर करून ठेवतो. टीटी असेल तर क्वाट्रोच्या हॅल्डेक्स युनिटचं, म्हणजे मागच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या क्लचचं, तेल बदलल्याची नोंदही शोधा. बऱ्याच फाइलींत ती नसते, कारण ते बदलायचं असतं हेच मालकाला ठाऊक नसतं. मग चार चाकांचे पैसे मोजून तुम्ही दोन चाकांची गाडी घरी आणता.

पोट घासण्याचा प्रश्न दोघींनाही आहे. घाई न करता, तिरकी घालून चढवली तर पेठेतले बहुतेक स्पीडब्रेकर निघतात. टीटीची लांबी ४.१८ मीटर, म्हणजे व्हीआरएसपेक्षा अर्धा मीटर कमी, त्यामुळे बोळात वळवायला ती सोपी. दरवाजे मात्र लांबलचक; शेजारच्याने ॲक्टिव्हा चिकटवून लावली की तुम्ही आतच.

झेड-फोर: मन मागतं, खिसा नाही म्हणतो

जुन्या गाड्यांच्या जाहिरातीत जी झेड-फोर दिसते ती बहुधा २००९ ते २०१६ दरम्यान बनलेली, ई८९ पिढीची. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन, ३०६ अश्वशक्ती, ४०० एनएम, ताकद मागच्या चाकांना, सात गिअरचा ड्युअल क्लच आणि शंभर ५.१ सेकंदांत. वर पत्र्याचं छत, बटण दाबलं की वीसेक सेकंदांत घडी होऊन डिकीत जातं. लांब नाक, त्यामागे बसलेले तुम्ही, आणि त्या सहा सिलिंडरचा आवाज. चौघींत देखणी कोण, यावर आमच्याकडे वाद होत नाही.

हिवाळ्यात भल्या सकाळी कोरेगाव-पुसेगाव-दहिवडी करत छत उघडं टाकून जायचं असेल तर हिला तोड नाही. रस्ता सरळ, हवा कोरडी, गर्दी नाही. पण वर्षातले चार महिने पाऊस, त्यानंतर ऊस, मग ऊन. उघड्या छताचे दिवस तुम्हीच मोजा.

इंजिनाचं दुखणं जगजाहीर आहे. या एन५४ इंजिनाचा हाय प्रेशर फ्युएल पंप, इंजेक्टर, टर्बोचा जास्तीचा दाब सोडणाऱ्या वेस्टगेटचा खडखडाट आणि विजेवर चालणारा वॉटर पंप या चार गोष्टी कधी ना कधी निघतातच. आधीच्या मालकाने त्या करून घेतल्या असतील तर गाडी सोनं. नसतील तर त्या तुमच्या नावावर आहेत असं धरून भाव करा. छताचं हायड्रॉलिक स्वतःसमोर दोन-तीनदा उघडझाप करून बघा, मध्ये कुठे अडखळलं की बोलणी थांबवा. छत खाली असताना डिकी १८० लिटरची उरते. दोघांच्या दोन बॅगा आणि पाचगणीहून आणलेली स्ट्रॉबेरीची पेटी, संपलं.

आणि एक गोष्ट जाहिरातीत कुणी सांगत नाही. २०१० च्या आसपासच्या झेड-फोरची आता पंधरा वर्षं भरतायत. पंधरा वर्षांनंतर पासिंग म्हणजे आरटीओची नोंदणी नव्याने करावी लागते आणि २०२२ पासून आयात गाडीसाठी त्याची फी ४०,००० रुपये आहे. देशी गाडीला ५,०००. वर फिटनेसची तपासणी आणि पर्यावरण कर. अशी गाडी अचानक स्वस्तात दिसायला लागली की आधी आरसीवरची तारीख बघा. स्वस्ताईचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

मस्टँग

२०१६ च्या जुलैमध्ये फोर्डने मस्टँग जीटी भारतात आणली, किंमत ६५ लाख. उजव्या हाताचं स्टिअरिंग कारखान्यातूनच लावून आलेली ही पहिली मस्टँग पिढी. पाच लिटरचं व्ही-८, टर्बो नाही, ४०१ पीएस, ५१५ एनएम. स्टार्टर मारला की मोती चौकातलं बोलणं थांबतं. हे सगळं खरं.

तसंच हेही खरं की ती आरसे सोडून १.९२ मीटर रुंद आणि ४.७८ मीटर लांब आहे. साताऱ्याच्या जुन्या पेठेत ज्याचं घर आहे, त्याने आधी टेप घेऊन गेट मोजावं. यवतेश्वर घाटात समोरून एसटी आली की मागे कोणी घ्यायचं हे ठरलेलं आहे, आणि ते एसटीवाल्याने ठरवलेलं आहे. ॲव्हरेजचा विषय काढायचा नाही. पावसात मागच्या चाकांना एवढा टॉर्क म्हणजे उजव्या पायाची सतत परीक्षा. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. जुन्या गाड्यांची सर्व्हिस आणि सुट्या भागांची सोय कंपनीने चालू ठेवली, पण इकोस्पोर्टचा फिल्टर मिळणं वेगळं आणि मस्टँगचा बंपर मिळणं वेगळं. जमेची बाजू म्हणजे इंजिन साधं आहे. टर्बो नाही, त्याच्या नळ्या नाहीत, आणि ही पिढी जगभर खपल्यामुळे बाहेरून भाग मागवता येतात. थांबायची तयारी हवी.

सांगलीत विश्रामबागला प्रशस्त बंगला, दारात आधीच दोन गाड्या आणि कोल्हापूर-पुणे हायवे हाच मुख्य रस्ता, अशा माणसाला मी मस्टँगपासून अडवणार नाही. पोलो विकून तिच्या जागी एकुलती एक गाडी म्हणून घेणाऱ्याला मात्र अडवेन.

पुराचं पाणी

सांगली-कोल्हापूर भागातली किंवा इथून पुण्याला जाऊन परत विक्रीला आलेली कुठलीही गाडी बघताना २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै डोक्यात ठेवा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. गावभाग, मारुती चौक पाण्यात होते. तळघरात आणि पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या किती गाड्या बुडाल्या, आणि त्यातल्या किती पुसूनपासून दुसऱ्या शहरात विकल्या गेल्या, याची मोजदाद कुणाकडे असणार?

मावसभावाने एक टीटी शोधली होती. रंग चकचकीत, रनिंग कमी, भाव गोड. आम्ही मिरजेच्या आमच्या मिस्त्रींना सोबत घेतलं. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. दार उघडून ड्रायव्हरचा सीटबेल्ट पकडला आणि शेवटापर्यंत ओढत गेले, एरवी कुणी ओढत नाही तिथवर. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर एक सरळ, फिकट तपकिरी रेघ होती. नखाने खरवडली तर बारीक माती निघाली. मग त्यांनी सीटखालचं कार्पेट उचललं. सीटच्या नटबोल्टांवर गंज, आणि खालच्या वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवट बुरशीसारखा थर. विकणारा म्हणाला, "गाडी धुताना पाणी गेलं असेल." मिस्त्री हात पुसत म्हणाले, "दादा, सर्व्हिसिंगवाल्याचं पाणी खालून वर चढत नसतं."

पुरात बुडालेली गाडी चालू होते, पळतेही. मग वर्षा-दोन वर्षांनी एकेक कंट्रोल मॉड्यूल जायला लागतं, आणि ऑडी-बीएमडब्ल्यूत अशी मॉड्यूल्स सीटखाली, कार्पेटखाली, डिकीच्या कोपऱ्यात बसवलेली असतात. विमा कंपनीकडून क्लेमचा इतिहास काढा, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये चेसिस नंबरवरून नोंदी बघा. विकणारा नाही म्हणाला तर तुम्हीही नाही म्हणा.

बाकी तपासणी नेहमीचीच: रॅम्पवर चढवून खालून बघणं, सस्पेन्शनचे बुश आणि लोअर आर्म, चारही टायरची बनावटीची तारीख, स्कॅनर लावून बिघाडाचे जुने कोड. रनिंगचा आकडा मी शेवटी बघतो. दहा वर्षांत जेमतेम पंधरा हजार चाललेली टर्बो गाडी ऐकायला छान, पण उभ्या गाडीचे रबरी सील वाळतात, टायर कडक होतात. नियमित चाललेली, साठ हजारांची, बिलांची जाडजूड फाइल असलेली व्हीआरएस मला त्यापेक्षा बरी वाटते.

पासिंग, पेट्रोल, सर्व्हिस

दिल्ली पासिंगच्या गाड्या स्वस्त दिसतात. तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आली, त्यामुळे जुन्या गाड्या बाहेरच्या राज्यांत ढकलल्या जातात. पण ती गाडी एमएच-११ किंवा एमएच-१० करायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत) म्हणजे फॉर्म २८, मग इथला कर. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला किमतीनुसार ११, १२ किंवा १३ टक्के कर आहे, आयात गाडीला दर आणखी चढा. जुन्या गाडीला घसारा धरून भरावा लागतो, तरी आकडा लाखांत जातो. एजंट 'दोन महिन्यांत करून देतो' म्हणेल. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, मुंबई एवढ्यातलीच गाडी बघा. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर काम होतं, आणि आधीच्या मालकाला समोर बसून दोन प्रश्न विचारता येतात. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे सोडू नका. विम्यावर नाव चढवायचा अर्ज चौदा दिवसांत करायचा असतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर येत नाही, तुमच्या पोलोचा मात्र तुम्हाला नव्या गाडीवर वापरता येतो. पोलो विकताना तेवढा कागद विमा कंपनीकडून मागून घ्या.

विम्यात आणखी एक मेख. गाडी पाच वर्षांपेक्षा जुनी झाली की तिची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, तुम्ही आणि कंपनी आपसात ठरवता. दुर्मीळ गाडीत कंपनी ती खाली ओढते. टीटी किंवा झेड-फोरचा एक हेडलॅम्प म्हणजे एका चांगल्या बाइकची किंमत, त्यामुळे हप्ता थोडा जास्त गेला तरी आयडीव्ही वर ठेवून घ्या.

पेट्रोलची गोष्ट २०२५ पासून नवीन झाली आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं ई-२० मिळतं आणि या चारही गाड्या त्याच्या आधीच्या काळातल्या. गाडी लगेच बंद पडत नाही, ॲव्हरेज थोडं घटतं. पण महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत जुने रबरी पाइप आणि सील हा काळजीचा भाग आहे. म्हणून रोज चालणाऱ्या व्हीआरएसपेक्षा रविवारी चालणाऱ्या झेड-फोरला याचा त्रास जास्त. ९५ ऑक्टेनचं पेट्रोल हायवेवरच्या मोठ्या पंपांवर मिळतं, टर्बो गाडीला तेवढं घालाच.

सर्व्हिसला स्कोडासाठी कोल्हापूर-पुणे पट्ट्यात पर्याय आहेत आणि सांगलीच्या शंभर फुटी रस्त्यावर फोक्सवॅगन-स्कोडात हात बसलेली गॅरेजंही सापडतात. ऑडी-बीएमडब्ल्यूसाठी पुणं धरूनच चाला. साताऱ्याहून ते ११० किलोमीटर, सकाळी सोडून रात्री आणता येईल. सांगलीहून त्याच्या दुप्पट, म्हणजे एक मुक्काम आला.

तर ठरवायचं कसं? घरात एकच गाडी राहणार असेल तर व्हीआरएस २३०, दुसरं नाव नको. घरात आधीच एखादी अर्टिगा, क्रेटा असेल, मुलं मोठी झाली असतील आणि डोळ्यांसमोर घाट असतील तर टीटी. साताऱ्यातून तर नक्कीच. झेड-फोर त्याने घ्यावी ज्याला दुरुस्तीसाठी खरेदी किमतीच्या वर चार-पाच लाख बाजूला ठेवता येतील आणि ते गेले तरी झोप लागेल. मस्टँग घेणारा मला विचारायला येत नाही, त्याचं आधीच ठरलेलं असतं.

मावसभावाचं गाडं व्हीआरएस आणि टीटीमध्ये अडकलंय. वहिनी व्हीआरएसच्या बाजूने, तो टीटीच्या. मी त्याला इतकंच सांगितलंय की बघायला जायचं ते पावसाळ्यात जा. छत गळतं का, काचा धुरकटतात का, ओल्या रस्त्यावर ब्रेक कसा लागतो, हे सगळं फुकटात कळतं, आणि पावसात गिऱ्हाईक कमी असल्याने भावही जरा नरम असतो. आणि टोकन देण्याआधी गाडी घरापर्यंत आणायला लाव. गल्लीतला स्पीडब्रेकर, दारातला उतार, गेट. खाली घासली तर तिथूनच परत पाठवायची.